शब्दही उपचाराचाच भाग

वैद्यकीय अभ्यासक्रमातील काही शब्दांवरून सप्टेंबर २०२४ च्या सुरुवातीला देशभर वाद झाला. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्टअखेरीस एमबीबीएसचा सुधारित अभ्यासक्रम जाहीर केला. त्यातील न्यायवैद्यकशास्त्राच्या भागात ‘सोडोमी’ आणि ‘लेस्बियनिझम’ यांची गणना ‘अनैसर्गिक लैंगिक गुन्ह्यां’मध्ये करण्यात आली होती. कौमार्य, योनिपटल आणि त्यांचे न्यायवैद्यकीय महत्त्व हे वगळलेले विषयही परत आले होते. डॉक्टर, कायद्याचे अभ्यासक आणि समलैंगिक व पारलिंगी व्यक्तींसाठी काम करणाऱ्या संस्थांनी टीका केल्यावर ५ सप्टेंबरला आयोगाने हा अभ्यासक्रम मागे घेतला. १२ सप्टेंबरला नवा मसुदा आला. त्यात समलैंगिक संबंधांचा गुन्हा म्हणून असलेला उल्लेख काढून टाकण्यात आला.

नवी मुंबईच्या वाचकाला हा वाद दिल्लीतला आणि दूरचा वाटू शकतो. पण हाच अभ्यासक्रम नेरूळ आणि कामोठे येथील वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवला जातो. तेथून बाहेर पडणारे डॉक्टर उद्या वाशी, कोपरखैरणे, खारघर, पनवेलच्या दवाखान्यांत बसणार आहेत आणि पुढची तीस-चाळीस वर्षे रुग्ण तपासणार आहेत. परीक्षेसाठी ‘गुन्हा’ म्हणून पाठ केलेला शब्द, तोच शब्द लागू होणारा माणूस समोर रुग्ण म्हणून बसला की आपोआप आठवतो.

लैंगिक कल किंवा लिंगभाव याविषयी आदराने बोलणे हा आपल्याकडे शिष्टाचाराचा, फार तर सामाजिक न्यायाचा प्रश्न मानला जातो. दवाखान्यात तो थेट वैद्यकीय प्रश्न होतो. शब्द टोचला की रुग्ण माहिती लपवतो. माहिती लपली की निदान चुकते.

कायदा बदलला, पुस्तक मागे फिरले

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या ‘नाल्सा’ निकालात स्वतःचा लिंगभाव ठरवण्याचा पारलिंगी व्यक्तींचा हक्क मान्य केला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेजसिंग जोहर प्रकरणात कलम ३७७ मधून प्रौढांमधील संमतीचे संबंध वगळले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर हे कलमच नाही. म्हणजे ज्या गोष्टी कायद्याच्या पुस्तकात गुन्हा म्हणून उरल्या नव्हत्या, त्या वैद्यकशास्त्राच्या अभ्यासक्रमात दोन महिन्यांनी गुन्हा म्हणून परतल्या.

आयोगाला हे ठाऊक नव्हते, असेही म्हणता येत नाही. ७ जून २०२१ रोजी मद्रास उच्च न्यायालयाचे न्या. एन. आनंद वेंकटेश यांनी घर सोडून आलेल्या दोन तरुणींच्या याचिकेवर महत्त्वाचा आदेश दिला. या विषयाचे आपले ज्ञान अपुरे आहे हे मान्य करून त्यांनी आधी एका मानसशास्त्रज्ञांकडून तो समजून घेतला आणि मगच निकाल लिहिला. त्यानंतर ऑक्टोबर २०२१ मध्ये आयोगाने वैद्यकीय महाविद्यालयांना सूचना दिली, की समलैंगिक व पारलिंगी व्यक्तींविषयी अशास्त्रीय, अवमानकारक मजकूर असलेली पुस्तके वापरू नयेत. ऑगस्ट २०२२ मध्ये लैंगिक कल ‘बदलण्याचा’ दावा करणारे तथाकथित उपचार, म्हणजे कन्व्हर्जन थेरपी, हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवण्यात आले. त्याच वर्षी न्यायवैद्यकशास्त्राचा अभ्यासक्रमही दुरुस्त झाला. म्हणजे २०२४ मध्ये झाली ती नवी चूक नव्हती. एकदा दुरुस्त झालेली चूक परत आली होती.

योगायोग असा, की १ सप्टेंबरला केंद्र सरकारने याच समाजघटकासाठी केलेल्या उपायांची यादी जाहीर केली होती. शिधापत्रिकेसाठी जोडीदारांना एका कुटुंबातील मानणे, संयुक्त बँक खाते उघडण्यात अडथळा नसणे, जवळचे नातेवाईक नसतील तेव्हा जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता येणे, अशा बाबी त्यात आहेत. शासनाची एक खिडकी जोडीदार हा शब्द वापरत असताना दुसरी खिडकी गुन्हा हा शब्द छापत होती.

विज्ञानाने नावे का बदलली?

शब्द बदलणे ही आजची ‘फॅशन’ आहे, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. वैद्यकशास्त्राचा इतिहास वेगळे सांगतो. अमेरिकी मानसोपचार संघटनेने १९७३ मध्ये समलैंगिकता विकारांच्या यादीतून काढली. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी तेच केले. भारतीय मानसोपचार संघटनेनेही २०१८ मध्ये समलैंगिकता हा आजार नसल्याची भूमिका जाहीरपणे मांडली.

पारलिंगी व्यक्तींबाबतचा बदल याहून बारकाईने पाहण्यासारखा आहे. आधी निदानाच्या नावातच ‘विकार’ होता. २०१३ च्या अमेरिकी नियमावलीत तो शब्द जाऊन ‘डिस्फोरिया’, म्हणजे अस्वस्थता, हा शब्द आला. स्वतःच्या लिंगाची जाणीव हा आजार नाही, त्या जाणिवेशी शरीर जुळत नसल्याने होणारा त्रास ही डॉक्टरांनी पाहायची गोष्ट आहे, असा त्याचा अर्थ. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या ‘आयसीडी-११’ या वर्गीकरणात ही नोंद मानसिक विकारांच्या प्रकरणातून उचलून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवली. ती पूर्ण काढली नाही, कारण नोंदच नसेल तर संप्रेरके, शस्त्रक्रिया, विमा यांचा मार्ग बंद होतो. आजाराचा ठप्पा पुसायचा आणि उपचाराची वाट मात्र मोकळी ठेवायची, हे काम एका शब्दाने आणि एका प्रकरणाच्या बदलाने केले.

केसपेपरच्या खिडकीपासून सुरुवात

कोणत्याही सार्वजनिक रुग्णालयात पहिला शब्द डॉक्टरांचा नसतो. तो केसपेपरच्या खिडकीवरचा असतो. आधार कार्डावरचे नाव एक, समोरच्या व्यक्तीचा पेहराव आणि आवाज दुसरे काही सांगणारा. मग भरल्या रांगेत मोठ्याने विचारले जाते, ‘हे तुमचंच कार्ड आहे ना?’ मागे हशा होतो. ताप अंगावर काढणारा माणूस पुढच्या वेळी येत नाही. मेडिकल दुकानातून गोळी घेऊन घरीच राहतो.

तपासणीच्या खोलीतही नेहमीचे प्रश्न निरुपद्रवी नसतात. ‘लग्न झालंय का?’ हा आपल्याकडे लैंगिक संबंध आहेत का, हे विचारण्याचा आडमार्ग आहे. मैत्रिणीबरोबर राहणारी स्त्री ‘नाही’ म्हणते आणि गर्भाशयमुखाच्या तपासणीचा विषय तिथेच संपतो. लग्न झालेला आणि पुरुषांशीही संबंध असलेला माणूस ‘हो’ म्हणतो आणि लैंगिक संसर्गाचा विचार डॉक्टरांच्या मनातही येत नाही. ‘तुम्हाला जोडीदार आहे का? स्त्री, पुरुष की दोन्ही? हे मी सगळ्यांनाच विचारतो,’ असा सरळ प्रश्न कमी अपमानकारक असतो आणि जास्त उपयोगी. एचआयव्ही नियंत्रण कार्यक्रमाने म्हणूनच ओळखीऐवजी वर्तनाचे वर्णन करणारी संज्ञा वापरली. ‘पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष’ या गटातील अनेक जण स्वतःला समलैंगिक म्हणवत नाहीत, हे त्यामागचे कारण.

पारलिंगी रुग्णांच्या बाबतीत शब्दाची चूक थेट प्रकृतीवर येते. जन्मतः स्त्री म्हणून नोंद झालेल्या पारलिंगी पुरुषाला गर्भाशय असेल, तर त्याला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी लागते. पारलिंगी स्त्रीच्या शरीरात पुरःस्थ ग्रंथी असते. केवळ ‘स्त्री’ वा ‘पुरुष’ या रकान्यावर विसंबले, तर दोघांच्याही तपासण्या राहून जातात. टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या व्यक्तीचे हिमोग्लोबिन वाढते, त्यामुळे रक्ताच्या अहवालातील ‘नॉर्मल’ मर्यादाही विचारपूर्वक वाचावी लागते. दवाखान्याची भीती वाटणाऱ्या काही जणी गर्भनिरोधक गोळ्याच संप्रेरक म्हणून मनाने घेतात. इस्ट्रोजेनच्या अशा वापरात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो. ‘कोणत्या गोळ्या घेता?’ या प्रश्नाचे खरे उत्तर मिळायला आधी हसू आवरलेले असावे लागते.

अमेरिकी संशोधक इलान मेयर यांनी २००३ मध्ये मांडलेली ‘मायनॉरिटी स्ट्रेस’ची संकल्पना हेच सांगते. अशा व्यक्तींमध्ये दिसणारे नैराश्य आणि चिंता त्यांच्या कलातून येत नाहीत. हेटाळणी, नकाराची सततची धास्ती आणि लपवण्याचा ताण यांतून येतात. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही लैंगिक कलावरून भेदभाव न करता उपचार देण्याची हमी दिली आहे.

मराठीतील शब्दांची गल्लत

मराठीत अडचण शब्द नसण्याची फारशी नाही, एकाच शब्दावर अनेक ओझी असण्याची आहे. ‘लिंग’ म्हणजे अवयव, व्याकरणातला प्रकार आणि अर्जावरचा रकाना. म्हणून स्वतःच्या मनातल्या स्त्री-पुरुषपणाच्या जाणिवेसाठी ‘लिंगभाव’ हा वेगळा शब्द उपयोगी पडतो. कोणाविषयी आकर्षण वाटते, यासाठी ‘लैंगिक कल’. कल म्हणजे ओढा, तो ठरवून घेता येत नाही. त्याऐवजी ‘आवड’ किंवा ‘निवड’ म्हटले, की ‘मग दुसरं निवड ना’ हे वाक्य आपोआप मागे येते.

‘उभयलिंगी’ हा शब्द शाळेत गांडुळाच्या धड्यात भेटतो. तोच स्त्री-पुरुष दोघांविषयी आकर्षण वाटणाऱ्या माणसासाठी वापरला की गोंधळ होतो. तिथे ‘उभयलैंगिक’ अधिक नेमका. जन्मतः शरीराची लैंगिक रचना स्त्री वा पुरुष या ठरलेल्या साच्यात न बसणाऱ्या व्यक्तीसाठी ‘इंटरसेक्स’ किंवा ‘आंतरलिंगी’. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक पुस्तिकेतही ‘हर्माफ्रोडाइट’ऐवजी ‘इंटरसेक्स’ वापरावे, असे सुचवले आहे.

‘तृतीयपंथी’ हा शासनाचा शब्द आहे. राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये मंजूर केलेले धोरणही याच नावाचे आहे. अनेकांना तो मान्य आहे. काही पारलिंगी स्त्रिया मात्र म्हणतात, की आम्ही स्त्रिया आहोत, तिसऱ्या कोणी नाही. ‘हिजडा’ ही गुरू-चेल्यांची परंपरा असलेली सांस्कृतिक ओळख आहे. त्या परंपरेतील व्यक्ती तो शब्द अभिमानाने वापरते, तोच रस्त्यात ओरडून म्हटला की शिवी होते. प्रत्येक पारलिंगी स्त्री त्या परंपरेत असतेच असे नाही. ‘छक्का’, ‘बायल्या’ यांना मात्र दुसरी बाजू नाही, ते दुखावण्यासाठीच वापरले जातात. या गुंत्यातून वाट काढणारा नियम सोपा आहे: व्यक्ती स्वतःसाठी जो शब्द वापरते, तो वापरावा. ठाऊक नसेल तर विचारावे. विचारण्याची गरज नसेल तर नुसते नाव घ्यावे.

क्रियापद काय सांगते

मराठीत नुसते नाम बदलून भागत नाही. ‘मी आलो’, ‘मी आले’, ‘तू कुठे गेला होतास’, ‘गेली होतीस’, असे क्रियापदच लिंग सांगते. इंग्रजीतील सर्वनामांचा वाद मराठीत वाक्याच्या शेवटापर्यंत जातो.

पण मराठीकडे त्यावर तोडगाही आहे, आणि तो आदरार्थी रूपात आहे. ‘तुम्ही कधी आलात?’, ‘जेवलात का?’, ‘कुठे राहता?’, ‘बसा’ या वाक्यांत स्त्री-पुरुष भेद नाही. हिंदीत ‘आप’ म्हटले तरी ‘आए’ की ‘आईं’ हे ठरवावेच लागते. मराठीत ‘अरे’, ‘अगं’, ‘तू’ सोडून ‘तुम्ही’वर आले, की समोरच्याचे लिंग गृहीत धरण्याची वेळच अनेकदा येत नाही.

दुसरी खूण रुग्ण स्वतः देतो. ‘मला बरं नाही म्हणून आले’ असे कोणी म्हणाले, तर पुढे ‘त्या’ म्हणावे, ‘आलो’ म्हटले तर ‘ते’. अपवाद लक्षात ठेवावा लागतो. कोल्हापूर-सांगलीकडच्या कितीतरी स्त्रिया सहज ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणतात, आणि नवी मुंबईत त्या भागातून आलेली कुटुंबे थोडी नाहीत. म्हणून शंका असेल तिथे ‘तुमच्याशी कसं बोलू?’ एवढे विचारणे उत्तम. चूक झाली तर ‘माफ करा’ म्हणून वाक्य सुधारावे आणि कामाचे बोलावे. पाच मिनिटे माफी मागत बसले, तर रुग्णालाच डॉक्टरांचे सांत्वन करावे लागते.

बातमीतील भाषा

भाषेची जबाबदारी डॉक्टरांपुरती नाही. ‘समलैंगिक असल्याची कबुली दिली’ हे वाक्य वृत्तपत्रांत सर्रास दिसते. कबुली गुन्ह्याची देतात. स्वतःविषयी सांगणाऱ्या माणसाने ‘सांगितले’ एवढेच लिहिणे पुरेसे आहे.

‘अनैसर्गिक अत्याचार’ हा त्याहून घातक शब्दप्रयोग. मुलावर किंवा पुरुषावर झालेल्या लैंगिक अत्याचाराच्या बातमीत तो येतो. अत्याचार हा गुन्हा आहे, कारण तिथे संमती नाही, किंवा पीडित बालक आहे. २०१२ चा ‘पोक्सो’ कायदा मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. ‘अनैसर्गिक’ हे विशेषण लावले की लक्ष जबरदस्तीवरून संबंधाच्या प्रकाराकडे वळते. अत्याचार सोसलेल्या मुलाला तोंड उघडणे कठीण होते आणि संमतीने जगणारे प्रौढ नाहक त्याच रांगेत उभे केले जातात.

तमिळनाडूत मद्रास उच्च न्यायालयाच्या पाठपुराव्यानंतर सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये तमिळ शब्दांची सूचीच राजपत्रात प्रसिद्ध केली, म्हणजे पोलीस, माध्यमे आणि कार्यालये एकच सन्मानजनक भाषा वापरतील. मराठीत अशी पायवाट पाडण्याचे काम प्रामुख्याने संस्थांनी आणि लेखकांनी केले आहे. पुण्यातील समपथिक ट्रस्टचे बिंदुमाधव खिरे यांची मराठी पुस्तके हे त्याचे ठळक उदाहरण. राज्य सरकार, आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि भाषा विभाग यांनी मिळून सूची करणे अवघड नाही.

मराठीला हा विषय नवा आहे, हा समजही चुकीचा आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांचाही विषय होता. कर्व्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडली. खटला हरला, दंड भरावा लागला. पण नव्वद वर्षांपूर्वीही लोक विचारत होते आणि कोणीतरी त्यांना शिवी न देता उत्तर देत होते.

शब्दांच्या पलीकडे

केवळ शब्द सुधारून प्रश्न सुटत नाही, हेही तितकेच खरे. कन्व्हर्जन थेरपीला गैरवर्तन ठरवणारा आयोगाचा आदेश नोंदणीकृत डॉक्टरांना लागू होतो. ‘मुलाला बरे करतो’ म्हणणारा बाबा किंवा स्वयंघोषित समुपदेशक त्याच्या कक्षेत येत नाही. मुलाला किंवा मुलीला घेऊन आलेल्या आईवडिलांना कुटुंबाच्या डॉक्टरांनी ‘हा आजार नाही, त्यामुळे औषधही नाही’ असे स्पष्ट सांगितले, तर ते कुटुंब पुढच्या फसवणुकीतून वाचू शकते.

फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईच्या जी. टी. रुग्णालयात तृतीयपंथीयांसाठी ३० खाटांचा स्वतंत्र कक्ष सुरू झाला. पुरुषांच्या की स्त्रियांच्या, कोणत्या कक्षात ठेवायचे, या प्रश्नावर रुग्णाला ताटकळत ठेवण्यापेक्षा ही सोय निश्चित चांगली. पण नेरूळच्या रुग्णाने प्रत्येक वेळी मुंबई गाठावी, अशी अपेक्षा करता येत नाही. कागदपत्रांचेही तसेच. २०१९ च्या कायद्यानुसार ओळख प्रमाणपत्र जिल्हाधिकारी देतात आणि अर्ज ऑनलाइन करता येतो. वाशी-नेरूळचा रहिवासी ठाणे जिल्ह्यात येतो, तर खारघर-कामोठ्याचा रायगडमध्ये. प्रमाणपत्र हाती येईपर्यंत रुग्णालयाने जुन्या कार्डावरचे नाव नोंदीसाठी ठेवावे आणि हाक मात्र रुग्ण सांगेल त्या नावाने मारावी. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ४०,८९१ जणांची नोंद ‘इतर’ या रकान्यात झाली होती. ज्यांनी तो रकाना निवडण्याचे धाडस केले नाही, ते या आकड्यात नाहीत.

२०२४ मध्ये एमबीबीएसला प्रवेश घेणाऱ्या तुकडीसाठी दुरुस्त अभ्यासक्रम आला. न्यायवैद्यकशास्त्र पहिल्या वर्षी नसते, त्यामुळे महाविद्यालयांच्या हाती वेळ होता. ग्रंथालयातील जुन्या आवृत्त्या, प्राध्यापकांच्या वर्षानुवर्षे चाललेल्या नोट्स आणि तोंडी परीक्षेत विचारले जाणारे प्रश्न तपासून घ्यायला तो पुरेसा होता. आयोगाने मसुद्यातून दोन शब्द काढले. वर्गातून आणि केसपेपरच्या खिडकीवरून ते काढण्याचे काम मात्र दिल्लीतून होणारे नाही.